गल्लीतल्या जुन्या मॅसीचं मॉडेल: पाईपचे तुकडे, सनबोर्ड आणि एक टेप

ट्रॅक्टरचं मॉडेल करायचं म्हटलं की बरेच जण आधी नेटवर ड्रॉइंग शोधत बसतात आणि तिथंच आठवडे जातात. आपल्याकडे त्याची गरजच नाही की. बेळगावातनं बाहेर पडा, येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही बाजूला जा, गोठ्याशेजारी पत्र्याखाली एखादा जुना तांबडा मॅसी (मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर) उभा असतोच, कधी चालू, कधी टायर बसलेला. तोच आपला ड्रॉइंग. आणि माझं म्हणणं असं आहे की मॉडेल 'मॅसी ३५' चं करूच नका, त्या एका ट्रॅक्टरचं करा. त्याच्या मडगार्डवरचं वेल्डिंग, दुसऱ्याच गाडीची बसवलेली सीट, वाकवून सरळ केलेली जाळी, हे सगळं घ्या. कंपनीतनं निघालेला कोरा ट्रॅक्टर फोटोत हजार वेळा बघायला मिळतो, पण तुमच्या गल्लीतला तो एकच आहे आणि तो भंगारात गेला की गेलाच.

आधी या गाडीची कुळी थोडक्यात, कारण ती कळली की मॉडेल कसं बांधायचं ते आपोआप कळतं. हॅरी फर्ग्युसनचा टीई २० ट्रॅक्टर इंग्लंडात कोव्हेंट्रीला १९४६ पासून १९५६ पर्यंत बनत होता, पाच लाखांच्या वर निघाले. १९५३ मध्ये फर्ग्युसन आणि मॅसी-हॅरिस या कंपन्या एक झाल्या, १९५६ ला टीई २० च्या जागी ३५ आला. सुरवातीला पत्रा राखाडी आणि इंजिन सोनेरी-तांबूस रंगाचं होतं, १९५७ पासून तांबडा पत्रा आणि खाली राखाडी इंजिन, जो आपण ओळखतो तो. १९५९ ला त्यात पर्किन्सचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसलं. आपल्याकडे मद्रासला १९६० मध्ये टाफे ही ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली आणि याच घराण्यातला १०३५ ट्रॅक्टर गावोगावी पोचला. महत्त्वाचं काय, तर या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) हाउसिंग एकाला एक बोल्टनं जोडलेलं असतं आणि तोच गाडीचा कणा. म्हणून मॉडेलची सुरवातही कण्यापासनं करायची. बॉनेट सगळ्यात आधी करावंसं वाटतं कारण ते दिसायला छान, पण बॉनेट आधी झालं की पुढे सगळं त्याला जुळवत बसावं लागतं.

मोजमापाला खंडेनवमीसारखा दिवस नाही. त्या दिवशी ट्रॅक्टर धुवून पुसून अंगणात उभा असतो, एरवी ग्रीसच्या थराखाली दडलेले बोल्टसुद्धा दिसतात, आणि मालकही खुशीत असतात. फक्त पूजा होईस्तोवर थांबा आणि हार काढायला लावू नका. "काका, गाडीचं माप घेऊ का, छोटं मॉडेल करायचंय" असं सरळ विचारा, कोणी नाही म्हणत नाही, उलट स्वतःच टेपचं दुसरं टोक धरतात आणि इंजिन कधी काढलं होतं, पंप कुठनं आणला होता सगळं सांगतात. ते लिहून घ्या, कुठला पार्ट मूळचा आणि कुठला नंतरचा हे त्यातनंच कळतं.

माप सेंटीमीटरमध्ये घ्यायचं. स्केल १:१० धरायचं म्हणजे गाडीवरचा १ सेंटीमीटर म्हणजे मॉडेलवरचा १ मिलिमीटर, डोक्याला काही तापच नाही. विकत मिळणारी मॉडेलं १:१६ किंवा १:३२ ची असतात, पण घरच्या सामानात काम करायचं तर १:१० सगळ्यात बरं, हातात धरता येतं आणि बारीक पार्टही करता येतात. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर या गाडीचं ७२ इंच, म्हणजे १८३ सेंटीमीटर, मॉडेलवर १८३ मिलिमीटर. हे एक माप आधी पक्कं करा, तुमच्या टेपवर एवढं आलं तर बाकीची मापंही बरोबर घेताय असं समजा. मग जमिनीपासून बॉनेटची उंची पुढं किती मागं किती, बॉनेटची रुंदी, मडगार्डची रुंदी, स्टेअरिंगचा व्यास, सीटची उंची. गोल वस्तू असेल तर सुतळी गुंडाळून घेर मोजायचा आणि ३.१४ नं भागायचं. फोटो काढताना मोबाईल जवळ नेऊ नका, जवळनं पुढचं चाक फुगलेलं आणि मागचं लहान दिसतं, चांगलं १५-२० फूट लांब जाऊन झूम करून बरोबर बाजूनं, बरोबर समोरनं, बरोबर मागनं काढा आणि प्रत्येक फोटोत गाडीला टेकवून एक मीटरची पट्टी ठेवा. इंजिनच्या दोन्ही बाजू वेगळ्या काढा, एका बाजूवरनं दुसरी बाजू कधीच कळत नाही.

सामान सगळं इथंच मिळतं. फ्लेक्स-बॅनरवाल्याकडं सनबोर्डचे (पाट्यांना वापरतात त्या हलक्या पीव्हीसी बोर्डाचे) कापून उरलेले तुकडे असतात, ३ आणि ५ मिलिमीटर जाडीचे, पडेल त्या भावात देतात. प्लंबरकडं पीव्हीसी पाईपचे तुकडे. मोटर वाइंडिंगवाल्याकडं जुन्या मोटरीची तांब्याची तार, वेगवेगळ्या गेजची. सायकल दुकानातनं स्पोक. खायच्या तेलाच्या डब्याचा पत्रा. बॉलपेनच्या संपलेल्या रिफिली. चप्पल दुरुस्तीवाल्याकडची सोलची पातळ शीट. बाकी फेविक्विक, एम-सील, पीव्हीसी सोल्युशन, गाडीला लावतात ती पुट्टी, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, कटर ब्लेड, स्टीलची पट्टी. बस.

कण्याला सनबोर्डचे थर चिकटवून ठोकळा करू शकता, पण सुताराकडनं सागवानाचा किंवा कुठल्याही घट्ट लाकडाचा तुकडा आणला तर जास्त चांगलं, कारण एक्सल त्यात धरून राहतो. पुढनं मागं चार भाग लाकडावर पेन्सिलनं आखा: इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग. प्रत्येक भागाची उंची-रुंदी वेगळी असते, गिअरबॉक्सकडं कंबर बारीक होते आणि मागं एकदम रुंद होते. दोन भागांच्या जोडावर फ्लँज (बाहेर आलेली कड) असते, ती १ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या पट्टीनं काढायची (जुनं एटीएम कार्ड चालतं). या तीन फ्लँजा नीट आल्या ना, की रंग न लावताच तो ठोकळा मॅसीचा वाटायला लागतो. मागच्या हाउसिंगमध्ये खालनं एक मोठं भोक पाडून त्यात जुने नट-बोल्ट भरून एम-सीलनं बंद करा. वजन मागं पाहिजे. हलकं मॉडेल टेबलावर खेळण्यासारखं सरकतं, जड असलं की ते बसतं.

आता चाकं, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लांबनं आधी चाकंच दिसतात. टायरवरचे आकडे वाचा. मागं बहुतेक १२.४-२८ असतं, म्हणजे टायरची रुंदी १२.४ इंच आणि रिम २८ इंचाची, पुढं ६.००-१६. मागचा टायर उंचीला साधारण १२६ सेंटीमीटर भरतो, पुढचा ७३ च्या आसपास, म्हणजे मॉडेलवर १२६ आणि ७३ मिलिमीटर. आता मजा बघा, २८ इंचाची रिम म्हणजे ७१ सेंटीमीटर, तिच्या बाहेरच्या कडेसकट ७५-७६, आणि पीव्हीसी पाईप ७५ मिलिमीटरचा मिळतो. पुढची १६ इंची रिम म्हणजे ४०.६, आणि ४० मिलिमीटरचा पाईप मिळतो. १:१० चं स्केल घेतलं की दोन्ही रिमा प्लंबरच्या दुकानातच तयार आहेत.

मागच्या एका चाकाला ५ मिलिमीटर सनबोर्डच्या ६ चकत्या, ११९ मिलिमीटर व्यासाच्या. १२६ ऐवजी ११९ का, तर टायरच्या गुट्ट्या (वर उठलेले रबराचे तिरके पट्टे) वर साधारण साडेतीन मिलिमीटर येणार आहेत, दोन्ही बाजूंचे मिळून ७. सहापैकी मधल्या २ चकत्या भरीव ठेवा आणि बाहेरच्या चारींना मधोमध ७५ चं भोक पाडा. सगळ्या पीव्हीसी सोल्युशननं चिकटवा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. मग मधनं बोल्ट घालून ड्रिल मशीनला लावा, अगदी हळू फिरवा आणि पॉलिश पेपर धरून टायरचे खांदे गोल करा. हे काम अंगणात करा आणि तोंडाला मास्क लावा, पीव्हीसीचा भुगा छातीत जाणं चांगलं नाही. भोकात दोन्ही बाजूंनी पाईपची १० मिलिमीटरची चकती घट्ट बसवली की रिमची कड आली. रिमच्या आतली डिश (मधली वाटीसारखी ताटली) पत्र्याची किंवा एखाद्या झाकणाची करा. खऱ्या गाडीत रिम आणि डिश वेगवेगळ्या असतात, बोल्ट खोलून उलटसुलट बसवून चाकांमधलं अंतर बदलता येतं, ४८ इंचांपासून पुढं ४-४ इंचांनी. तुमच्या ट्रॅक्टरची चाकं कुठल्या अंतरावर आहेत ते मोजून तसंच ठेवा, भात-उसाच्या कामानं तो मालक कसा वापरतो ते त्यातनं दिसतं.

गुट्ट्या सोलच्या शीटच्या. आधी कागदाची पट्टी कापा, टायरच्या घेराएवढी लांब, ११९ गुणिले ३.१४ म्हणजे ३७४ मिलिमीटर. खऱ्या टायरवर एका बाजूच्या गुट्ट्या मोजा, समजा २२ निघाल्या तर दर १७ मिलिमीटरला एक खूण. डाव्या आणि उजव्या बाजूच्या गुट्ट्या समोरासमोर येत नाहीत, एकमेकीच्या मधल्या जागेत येतात, म्हणून दुसऱ्या बाजूच्या खुणा साडेआठ मिलिमीटर पुढं सरकवायच्या. आणि दिशा! मागं उभं राहून बघितलं की गुट्ट्यांचं टोक वरच्या बाजूला दिसलं पाहिजे, घराच्या कौलाच्या उतारासारखं. विकतच्या खेळण्यात हमखास एक चाक उलटं असतं, आणि ज्यानं चिखलात ट्रॅक्टर चालवलाय त्याला ते दारातनंच दिसतं. झिजलेला टायर असेल तर मधल्या बाजूच्या गुट्ट्या घासून कमी करा.

पुढच्या चाकाला ३ चकत्या, व्यास ७० ठेवा आणि वर रबरी वायरचे तीन कडे चिकटवा, पुढच्या टायरला अशा तीन धारा असतात. भोक ४० चं.

पुढचा एक्सल तीन तुकड्यांचा असतो. मधला बीम इंजिनच्या पुढं एका पिनवर डुलतो, आणि दोन्ही बाजूंचे हात थोडे मागं झुकलेले असतात, त्यांना भोकांची रांग असते. मधल्या पिनेला ३ मिलिमीटरचा स्क्रू घाला आणि तो घट्ट आवळू नका, एक्सल डुललाच पाहिजे, एक चाक वहीवर चढवलं की दुसरं टेबलावर टेकून राहिलं पाहिजे. आणि या जुन्या गाडीची खास ओळख म्हणजे स्टेअरिंग बॉक्सच्या दोन्ही बाजूंनी दोन दांडे पुढच्या दोन चाकांकडं जातात, डावीकडं एक उजवीकडं एक. नवीन ट्रॅक्टर बघून मॉडेल करणारे इथं एकच दांडा लावतात. २ मिलिमीटर जाडीचे सायकलचे स्पोक यासाठी बरोबर बसतात, टोकाला एम-सीलचे छोटे गोळे म्हणजे बॉल जॉइंट.

बॉनेटला लाकडाचा साचा करा. आतनं भरीव, बरोबर मापाचा, खांदे गोल. ११० च्या पाईपचा तुकडा उभा चिरून हॉट एअर गननं हळूहळू तापवला की तो मऊ पडून सपाट होतो, तोच परत तापवून साच्यावर जाड फडक्यानं दाबून धरायचा, थंड झाला की तो आकार धरून राहतो. तापवायचा, जाळायचा नाही. पीव्हीसी जळलं की त्याचा धूर विषारी असतो, वास यायला लागला की लगेच हात मागं घ्या आणि हे काम घरात करूच नका. मडगार्डला १६० चा पाईप घ्या, त्याची गोलाई मागच्या टायरवर बरोबर बसते आणि मधे बोटभर फट राहते. बाजूचा पत्रा तेलाच्या डब्याचा, कडा आत दुमडून घ्या, कापतात. पुढची जाळी खिडकीच्या मच्छरजाळीची, अॅल्युमिनियमची मिळाली तर उत्तम. आणि पोचे! पत्र्याला आत्ताच, रंगाआधी, जिथं खऱ्या गाडीला पोचा आहे तिथं चमच्याच्या मागच्या बाजूनं दाबा.

इंजिनचे बारीक पार्ट एकेक करून लावत जा, घाई नको. डिझेल फिल्टरचं भांडं इंजेक्शनच्या छोट्या सिरींजचं, डिझेलच्या नळ्या तांब्याच्या तारेच्या, इंजेक्टर तीनच कारण सिलिंडर तीन. फॅनबेल्ट सायकलच्या ट्यूबमधनं कापलेली पट्टी. एक युक्ती बोल्टच्या डोक्यांची सांगतो, ती मला फार आवडते. एम २.५ चा अॅलन बोल्ट घ्या, त्याच्या डोक्यातलं षटकोनी भोक बरोबर २ मिलिमीटरचं असतं. त्यात थोडी पावडर टाकून एम-सील दाबायचं, अर्धवट सुकलं की सुईनं काढायचं, षटकोनी डोकं तयार. १:१० मध्ये २ मिलिमीटर म्हणजे २० चा बोल्ट. चाकांच्या नटांना एम ३ चा अॅलन बोल्ट वापरा, त्याचं भोक अडीचचं. संध्याकाळी टीव्ही बघत बघत शंभरभर करून डबीत ठेवा, लागतातच.

मागची बाजू म्हणजे या गाडीचा जीव, फर्ग्युसननं जगाला दिलं ते हेच, तीन ठिकाणी अवजार धरणारी हायड्रॉलिक लिफ्ट. खाली दोन लिंक, वर मधे एक टॉप लिंक, आणि लिफ्टच्या दोन हातांपासनं खालच्या लिंकांना उभे दोन दांडे. नांगर जमिनीत जड झाला की टॉप लिंकवर दाब येतो आणि लिफ्ट आपोआप थोडी उचलते, म्हणून एवढी हलकी गाडी एवढं काम करते. मॉडेलमध्ये हे सगळं हललं पाहिजे. सांध्याला तांब्याच्या तारेचे रिव्हेट, दोन्ही टोकं हातोडीनं हलकी ठोकून. टॉप लिंक फिरवून लांब-आखूड करतात तो भाग रिफिलचा आणि आत स्पोकचा आटे असलेला तुकडा, खरोखर फिरतो. मधे पीटीओचा शाफ्ट (अवजाराला इंजिनची ताकद देणारा फिरता दांडा), ३५ मिलिमीटरचा म्हणजे साडेतीन, ६ खाचांचा.

रंगाआधी एकदा गावातल्या ट्रॅक्टर मेस्त्रीला दाखवून या. तो हातात घेऊन फिरवून बघेल आणि जे बोट ठेवेल ते बरोबरच असतं, आणि प्रायमर लागायच्या आधी दुरुस्त करणं सोपं.

रंग पावसाळ्यात मारू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवेत एवढा ओलावा असतो, खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका, लॅकरचा स्प्रे मारला की वर पांढुरकी साय येते. दिवाळीनंतर कोरड्या हवेत, सकाळी दहाच्या पुढं. आधी राखाडी प्रायमरचे पातळ थर, ४०० नं घासून परत एक. इंजिन आणि कणा राखाडी, पत्रा तांबडा, रिमा रुपेरी. ऑटो पेंटच्या दुकानात जुन्या गाडीचा पत्र्याचा तुकडा किंवा फोटो नेला तर ते रंग जुळवून देतात. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा तांबडा वरनं फिका आणि मडगार्डच्या आत गडद असतो, तसा दोन छटांत मारा.

धूळ मात्र विकतची नको. त्याच शेतातली माती आणा ज्यात तो ट्रॅक्टर चालला. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडं तांबडी जांभ्याची माती, आणि पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडं काळी. खानापूरच्या गाडीवर काळी धूळ दिसली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. माती उन्हात वाळवा, मलमलच्या फडक्यातनं चाळा, पातळ केलेल्या फेविकॉलात कालवून टायरच्या गुट्ट्यांमध्ये आणि मडगार्डच्या आत भरा. इंजिनखाली तेलाचा काळा डाग चकचकीत ठेवा, धूळ मॅट राहिली पाहिजे आणि तेल ओलं दिसलं पाहिजे.

बॉनेटवर आणि मडगार्डवर लिहिलेलं असतं ते जसंच्या तसं उतरवा. कुणाच्या गाडीवर ज्योतिबा प्रसन्न, कुणाच्या रेणुका यल्लम्मा, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, जसं असेल तसं. पेंटरचं वळण कॉम्प्युटरच्या फाँटमध्ये येत नाही, म्हणून फोटो दहाव्या भागात प्रिंट करून मागं पेन्सिल घासा, बॉनेटवर ट्रेस करा आणि ०० नंबरच्या ब्रशनं भरा.

भाताचा भाग असेल तर चिखलणीची केज व्हील जरूर करा, गाडी चिखलात घालताना लावतात ती लोखंडी पिंजऱ्याची चाकं. जाड तांब्याच्या तारेची दोन गोल कडी, मधे आडव्या पट्ट्या, सोल्डरिंगनं जोडायच्या, कोणाही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं दहा मिनिटांत होतं. मॉडेलशेजारी नुसती टेकवून ठेवली तरी हा ट्रॅक्टर कुठल्या मुलखातला ते कळतं. आणि उसाच्या पट्ट्यातले असाल तर मागं ट्रॉली पाहिजेच, पण तिचं माप घ्यायला गाळप संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये जा. हंगामात रिकामी उभी ट्रॉली सापडत नाही, आणि सापडली तरी तुम्ही टेप काढेस्तोवर ती फडाकडं निघालेली असते.